दोन किलो तीनशे

पोलीस ठाण्याच्या भांडारात येणारी कुठलीही वस्तू तराजूकाकांच्या काट्यावर चढल्याशिवाय आत जात नसे. बूट असोत, कांबळी असोत, नाहीतर साधी सुतळीची गुंडी असो. काका ती काट्यावर ठेवायचे, वजन मोठ्यानं बोलायचे, समोरच्याला तेच परत बोलायला लावायचे आणि मगच वही पुढे करायचे. "बोला, मग सही," हे त्यांचं पालुपद. परत करायला आणलेल्या वस्तूलाही हाच नियम. लोक हसत. पण एकदा नव्या बुटांच्या खोक्यांचं वजन कमी भरलं, बूट कापून बघितले तर तळ पुठ्ठ्याचे. तेव्हापासून हसणं थांबलं. नाव मात्र चिकटलं ते चिकटलंच. घरी काकूसुद्धा भांडणात म्हणायची, "माझंही एकेक वाक्य तोलून घेता की काय?"

काका पोलीस नव्हते, कारकून होते. भांडार तळघरात. एकच खिडकी, तीही वर, फुटपाथच्या पातळीला. तिच्या गजांतून रस्त्यावरच्या माणसांची फक्त पावलं दिसायची. सव्वीस वर्षं त्या माणसानं जगाची पावलं बघत नोकरी केली. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती.

तिथं रोज हसण्याचा आवाज आणणारा एकच इसम होता. सहा फूट दोन इंचांचा शिपाई, त्याला सगळे लांब्या म्हणत. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला तो स्वतःच काट्यावर उभा राहायचा.

"बोला काका."

"बहात्तर."

"बहात्तर," तो गंभीर चेहरा करून म्हणायचा. "सही कुठं करू?"

काकांना मूलबाळ नव्हतं. लांब्याचे वडील तो लहान असतानाच गेलेले, आई शिवणकाम करून घर चालवायची. काकांना तो आवडायचा, एवढं म्हटलं तरी पुरे.

पूर्वी ठाण्याला काही हवं असलं की गावातल्याच दुकानातून यायचं. मग केंद्र सरकारची खरेदी योजना आली. केंद्रानं पुरवठादार आणि भाव ठरवून एक लांबलचक यादी केली, आणि गावोगावच्या ठाण्यांनी त्या यादीतून हवं ते मागवायचं. कल्पना वाईट नव्हती. वाईट होती ती यादी. वर्षातून तीन आठवडे ती संगणकावर उघडायची, दर वर्षी तिची रचना बदलायची, आणि ती करणाऱ्यांनी उभ्या जन्मात एकही भांडार पाहिलेलं नसावं, अशी माझी तरी खात्री आहे. आमच्या ठाण्याला गरज होती रेनकोटांची. यादीत रेनकोट नव्हते. गोळी अडवणारी जाकिटं होती. साहेब म्हणाले, "मिळतंय ते घ्या. नाही घेतलं तर पुढच्या वर्षी तेही नाही."

काकांनी चाळीस जाकिटांची मागणी भरली. त्या जाकिटाला छातीवर आणि पाठीवर मोठा कप्पा असतो, त्यात पोलादाची एकेक प्लेट बसते. गोळी अडवते ती प्लेट, बाकीचं कापड. आदल्या वर्षीच्या यादीत ‘जाकीट, प्लेटांसह’ अशी एकच ओळ होती. या वर्षी जाकीट एका पानावर होतं आणि प्लेटा वीस पानं पुढे, ‘सुटे भाग’ या मथळ्याखाली. आता भांडाराच्या भाषेत सुटे भाग म्हणजे काय? पहिलं मोडलं की मग लागतं ते. सव्वीस वर्षं काकांनी सुट्या भागांचं पान पहिल्या मागणीत कधी उघडलंच नव्हतं. या खेपेलाही नाही उघडलं.

माल आला त्या दिवशी वरिष्ठ पाहुणे आले होते. अंगणात टेबल मांडलेलं, फोटोवाला घाम पुसत उभा. काका म्हणाले, "एक खोकं तरी काट्यावर..." साहेबांनी त्यांच्या हातात पेन दिलं. "अहो, पाहुणे उभे आहेत! तुमचा तराजू नंतर." आणि तराजूकाकांनी आयुष्यात पहिल्यांदा न तोलता सही केली. ‘माल पूर्ण मिळाला.’

दुपारी खोकी तळघरात आली. काकांनी एक जाकीट काट्यावर ठेवलं. दोन किलो तीनशे. भरायला हवं होतं साडेसात. त्यांनी दुसरं ठेवलं, तिसरं ठेवलं, मग एका कप्प्यात हात घातला. हात कोपरापर्यंत आत गेला. ते तसेच साहेबांकडे गेले.

"साहेब, जाकिटांत प्लेटा नाहीत."

"पुरवठादारानं खाल्ल्या?"

"नाही. मीच मागवल्या नाहीत."

साहेब वाईट माणूस नव्हते, भित्रे होते. म्हणाले, "माल पूर्ण मिळाला असं वर कळवून झालंय. तुमच्याच सहीनं. आता चुकलं म्हणालो तर योजनेतून आपलं ठाणंच उडेल. पुढच्या वर्षी यादी उघडली की प्लेटा मागवू. तोवर झाकली मूठ सव्वा लाखाची."

काकांनी मूठ झाकली. चाळीसही जाकिटं कपाटात बंद केली, दारावर ‘तपासणी बाकी’ अशी चिठ्ठी लावली आणि किल्ली स्वतःच्या खिशात ठेवली. वाटलं, अंगावरच गेली नाहीत तर कुणाचं काय बिघडतंय? माणूस स्वतःला किती सहज फसवतो बघा. त्याला परका माणूस लागत नाही.

लांब्या दोनदा विचारायला आला. "काका, नवं जाकीट द्या की. फोटोत तर पाहुण्यांनीसुद्धा घातलं होतं."

"तुझ्या मापाचं नाही रे. तुला घातलं तर बाळाचं झबलं दिसेल."

तो हसत गेला. काकाही हसले. एवढं एक वाक्य होतं सांगायचं: बाबा, ते रिकामं आहे, घालू नकोस. ते त्यांनी थट्टेवारी नेलं.

पुढच्या वर्षीची यादी उघडायला दोन महिने होते तेव्हा काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. काकांनी दोन दिवसांची रजा टाकली. दुसऱ्या दिवशी, भर दुपारी, बाजारात एक माणूस बंदूक घेऊन लाकडाच्या वखारीत शिरला. साहेब जिल्ह्याच्या बैठकीला गेलेले. ठाण्यातल्या हवालदारानं साहेबांच्या खणातली दुसरी किल्ली काढली, कपाट उघडलं आणि हाताला लागतील तशी जाकिटं वाटली. चिठ्ठी वाचायला वेळ कुणाला होता? वखारीच्या दारातून सगळ्यांत पुढे लांब्या गेला. अंगात जाकीट असलं की पाऊल जरा धीरानं पडतं. त्याचं पडलं. गोळी छातीच्या मधोमध लागली.

चौकशी पंधरा दिवसांत आटोपली. ‘जाकीट परिधान केलेले होते’ असं एक वाक्य अहवालात आलं. ते आत रिकामं होतं का भरलेलं, हे कुणी विचारलं नाही. साहेबांना माहीत होतं आणि काकांना माहीत होतं. दोघं जिन्यात समोरासमोर आले की खाली बघत. काकांना घरी घास गिळवेना. डोळ्यावरची पट्टी सुटली तेव्हा काकूनं त्यांच्याकडे नीट बघितलं आणि विचारलं, "तुम्ही एवढे कधी वाळलात?" त्यांनी तिलाही सांगितलं नाही.

महिन्याभरानं लांब्याची आई तळघरात आली. सरकारी वस्तू जमा केल्याशिवाय पुढचे कागद हलत नाहीत, म्हणून. पिशवीतून एकेक वस्तू काढून ती टेबलावर ठेवत गेली. पट्टा. शिट्टी. बूट, पॉलिश केलेले. आणि शेवटी इस्पितळानं गाठोड्यात बांधून दिलेलं जाकीट, धुऊन, घडी घालून.

"डाग सगळे नाही निघाले भाऊ," ती म्हणाली. "भोक मात्र शिवलंय. तशीच फाटकी वस्तू कशी द्यायची?"

शिवण इतकी बारीक होती की काकांना ती बोटानं चाचपून शोधावी लागली.

मग ती अडखळली. "एक विचारू? ह्याला पुढं-मागं मोठे कप्पे आहेत. त्यात काही होतं का? शिवताना लक्षात आलं, मोकळे आहेत. मी घरभर शोधलं. इस्पितळातही विचारून आले. माझ्या हातून काही हरवलं असेल तर सांगा, मी भरून देईन."

काकांच्या हातांना सवय होती. त्यांनी जाकीट उचलून काट्यावर ठेवलं.

"दोन किलो तीनशे," ते म्हणाले.

"दोन किलो तीनशे," ती म्हणाली. "तो सांगायचा घरी. तुम्ही बोलायला लावता म्हणून."

काकांनी वही उघडली, पेन तिच्या हाताशी ठेवलं. आता सही झाली की सगळंच झाकलं जाणार होतं. त्यांनी पेन परत उचललं.

"ताई, तुमच्या हातून काही हरवलं नाही. ह्याचं वजन साडेसात किलो हवं होतं. आत पोलादाच्या प्लेटा असतात. त्या मागवायच्या माझ्याकडून राहिल्या. हे रिकामं आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. त्यानं दोनदा विचारलं, तरी मी त्याला सांगितलं नाही."

ती काट्याकडे बघत राहिली. त्यांनी बोलायला न लावताच हळू आवाजात म्हणाली, "साडेसात किलो."

मग तिनं जाकीट काट्यावरून उचललं, पिशवीत घातलं आणि सही न करता जिना चढून गेली.

काका खिडकीकडे बघत बसले. घरी निघाली असती तर तिची पावलं गजांतून दिसली असती. चपला गेल्या, बूट गेले, कुणाची सायकल गेली. तिची पावलं काही आली नाहीत. म्हणजे ती बाहेर गेली नव्हती, वर साहेबांच्या खोलीकडे गेली होती.

काकांनी वही काखेत घेतली आणि तिच्या मागोमाग जिना चढायला लागले.