शेजारची सीट

आमच्या कामात चांगला दिवस म्हणजे सांगण्यासारखं काहीही न घडलेला दिवस. विमानं आली, एकमेकांपासून लांब राहिली, गेली. तरी किस्से साठतातच, कारण आकाश शांत असलं तरी खोलीत माणसं असतात! रोज घरी आल्यावर चार ओळी लिहायची मला सवय आहे. हल्ली लिहिताना पेन कागदात रुततं.

आमचं एअर ट्रॅफिक कंट्रोल सेंटर इंग्लंडमध्ये. बाहेरून वेअरहाउस वाटावं असं. मी मूळचा नागपूरचा, आता पन्नाशीचा. माझ्याच वॉचवर, म्हणजे पाळीवर, मुग्धा. ती इथेच, लंडनच्या इल्फर्ड भागात जन्मली, वाढली. मला दादा म्हणते. आमचा सुपरवायझर कॉलिन.

*

मिल्टन कीन्स म्हणजे राउंडअबाउटचं, गोल चौकांचं शहर. तिथल्या गणपतीत एक आयटीवाले काका मुग्धाला म्हणाले, "आकाश केवढं मोठं! विमानं धडकतील कशी?"

"काका, मिल्टन कीन्सचे रस्तेपण मोठे आहेत. मग राउंडअबाउटवर ब्रेक का मारता?"

"अगं, सगळे तिथूनच जातात ना!"

"तेच! आणि माझ्या विमानांना ब्रेक मारून उभं पण राहता येत नाही."

काकांनी मोदक तोंडात टाकला आणि विषय बदलला.

*

आकाशाच्या प्रत्येक तुकड्यावर, म्हणजे सेक्टरवर, एक कंट्रोलर लागतो. आमच्याकडे कंट्रोलर कमी. आहेत ते थकलेले. आम्ही माणसं मागून मागून दमलो. एक दिवस कॉलिनची ईमेल आली : "तुमच्या वेलबीइंगची आम्हाला मनापासून काळजी आहे!" दुसऱ्या दिवशी विश्रांतीच्या खोलीत फळांची टोपली!

मुग्धानं त्यातलं एक केळं उचललं आणि थेट कॉलिनच्या टेबलावर ठेवलं.

"थँक यू. याला कुठल्या सेक्टरवर बसवू?"

*

आमच्यात एक रीत आहे. पाळी बदलताना नवा कंट्रोलर आधी शेजारी बसतो, हेडसेट लावतो आणि गप्प ऐकतो. कुठलं विमान चढतंय, कुठलं उतरतंय, याचं अख्खं चित्र डोक्यात बसलं की मगच म्हणतो, "दे."

कॉलिनला यात वेळेची उधळपट्टी दिसली. "एका कामाला दोन माणसं कशाला?"

मी शांतपणे समजावलं, "चालत्या गाडीत ड्रायव्हर बदलायचा असेल, तर दुसऱ्याला आधी शेजारी बसावं लागतं."

त्यानं खरोखर विचार केला. मग म्हणाला, "शेजारची सीट काढली तर?"

*

हा किस्सा सांगताना माझा आवाज चढतो. चढू दे.

वादळी दुपार होती. ढग टाळायला सगळी विमानं मुग्धाच्या सेक्टरमध्ये घुसली. अशा वेळी सेक्टरचे दोन भाग, म्हणजे स्प्लिट, करून दुसरा कंट्रोलर बसवतात. तिनं मागितला. कॉलिन लांबूनच म्हणाला, "तू छान सांभाळतेयस!" तिनं पुन्हा मागितला. त्यानं अंगठा दाखवला! मी माझ्या सेक्टरवर अडकलेलो.

एक विमान ठरलेल्या उंचीवर थांबायला हवं होतं. ते चढतच राहिलं. वरून दुसरं येत होतं. मुग्धाला दिसलं, पण रेडिओच्या फ्रीक्वेन्सीवर इतकी गर्दी की बोलायला फट मिळेना. मग एक पायलट ओरडला, "टीकॅस आरए!"

म्हणजे दोन्ही विमानांतल्या टक्कर टाळणाऱ्या यंत्रांनी आपसात ठरवलं : तू वर, मी खाली. त्यानंतर कंट्रोलरनं फक्त "रॉजर", म्हणजे ऐकलं, एवढंच म्हणायचं आणि त्या दोघांना काहीही सांगायचं नाही. आपलं सांगणं यंत्राच्या उलट गेलं, तर संपलं सगळं.

"रॉजर," मुग्धा म्हणाली आणि थांबली.

कॉलिन धावत आला. "अगं, सांग ना त्यांना काहीतरी!"

तिनं न वळता त्याच्यासमोर तळहात धरला. नुसता तळहात.

"क्लिअर ऑफ कॉन्फ्लिक्ट," पायलट म्हणाला. म्हणजे धोका टळला. तेव्हा कुठे तिनं हात खाली घेतला.

*

कॉलिन घाबरला, हे मी समजू शकतो. पण दुसऱ्या दिवशी, शांत डोक्यानं, त्यानं रिपोर्ट दिला : "कंट्रोलर निर्णायक क्षणी गप्प राहिली." नियम त्यालाही पाठ होता! चौकशी होईपर्यंत मुग्धाला कन्सोलवरून, म्हणजे रडारच्या स्क्रीनसमोरून, उठवलं. "दादा, माझं लायसन्स गेलं तर मी काय करू? मला दुसरं काही येतच नाही," ती म्हणाली.

चौकशीला ग्लासगोहून मॉयराबाई नावाच्या अधिकारी आल्या. कॉलिनला म्हणाल्या, "तिनं काय सांगायला हवं होतं?"

"काहीही! धीर देणारं."

"मग मी आज वेगळ्याच चौकशीला आले असते."

मुग्धा सुटली. कॉलिनवर कारवाई? "धडे घेतले जातील." आमच्याकडे धडे नेहमी घेतले जातात. कोण घेतं, ते कळत नाही.

*

मुग्धा परत आली त्याच आठवड्यात पुन्हा वादळ. माणूस कमी, म्हणून कॉलिन स्वतः कन्सोलवर बसलेला. सुपरवायझरच्या खुर्चीत त्या दिवशी मी. विमानं वाढत गेली, कॉलिनची मान लाल होत गेली.

"स्प्लिट! मला स्प्लिट हवंय!"

मी लगेच ब्रेकवरच्या मुग्धाला खूण केली. हातातला चहा ठेवून ती त्याच्या शेजारी बसली. हेडसेट लावला. स्क्रीनकडे बघत ऐकू लागली.

"घे ना! बसतेस काय? घे लवकर!"

तिनं न वळता त्याच्यासमोर तळहात धरला.