सर्व्हरवर राहिलेलं काम

जळगावच्या आमच्या विद्यापीठात सगळ्या विभागांत मिळून एकच मोठा सर्व्हर आहे. त्यावर कोणाचं गणित आधी चालवायचं हे ठरवायला आम्हा तिघा प्राध्यापकांची समिती होती. मी, रसायनशास्त्राचे सर आणि भौतिकशास्त्रातला माझा मित्र. समितीचं काम म्हणजे भांडणं मिटवणं. एरवी ‘पहले आप’ करणारी विद्वान माणसं सर्व्हरच्या रांगेत अशी काही हमरीतुमरीवर येतात की सार्वजनिक नळ बरा.

मित्र नरडाण्याजवळच्या खेड्यातला, शेतकऱ्याघरचा. त्याचं स्वतःचं काम बैठकीत निघालं की तो आपणहून उठून व्हरांड्यात जायचा. "मी समोर असलो तर तुम्हाला नाही म्हणता येणार नाही," म्हणायचा. तापीकाठच्या केळीच्या बागांवरून उन्हाळ्यात गरम वारा कसा सरकतो, याचं गणित तो मांडत होता, आणि ते महिनोन्‌महिने चाले. सर्व्हरची खोली फार तापली तर काय करायचं, हा नियमही त्यानंच केला. जे काम संपायला सगळ्यात जास्त वेळ बाकी, ते आधी बंद करायचं, म्हणजे बाकीच्यांची तरी पार पडतील. सगळ्यात लांब काम नेहमी त्याचंच असे. स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घ्यायची भारी हौस तुला, असं मी त्याला चिडवायचे. तो नुसता हसायचा.

मार्चमध्ये त्यानं नवं गणित सुरू केलं, आणि एप्रिलमध्ये वर्गात शिकवताना तो कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. गावाकडे, धुळ्याच्या दवाखान्यात काही दिवस काढून तो गेला. सर्व्हरला हे कळायचं कारण नव्हतं. त्याच्या नावापुढे हिरवी खूण तशीच होती, गणित चालू होतं.

त्याचे वडील, आबा, त्याचं सामान न्यायला जळगावला आले. डबा, चष्मा, कपाटातली पुस्तकं. मी सहज बोलून गेले की त्याचं एक काम अजून चालू आहे. आबा थबकले. "मना पोऱ्यानं काम चालू शे?" मी त्यांना सर्व्हरच्या खोलीशी नेलं. काचेतून दिवे दिसत होते, पंख्यांचा आवाज येत होता. आबा काचेला हात लावून बराच वेळ उभे राहिले. काय चाललंय हे त्यांनी विचारलं नाही. कधी संपेल तेवढं विचारलं. पावसाळ्याच्या तोंडाशी, असं मी सांगितलं.

मग दर आठवड्याला त्यांचा फोन येऊ लागला. "ताई, चालू शे का?" मी "हो आबा" म्हणायचे, ते "बरं" म्हणून ठेवून द्यायचे. मला आधी त्या फोनचा कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. नंतर मीच वाट पाहू लागले.

मेमध्ये जळगाव नेहमीसारखं भाजून निघालं. सर्व्हरच्या खोलीतल्या एसीनं हात टेकले. दोन कामं चालू होती, त्यातलं एक बंद करणं भाग होतं. एक मित्राचं, दुसरं पीएच.डी.च्या एका मुलीचं, जिचा प्रबंध द्यायची मुदत तोंडावर आली होती. मित्राचं गणित मधेच थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून सुरू करावं लागणार होतं, आणि ते करणारा माणूस उरला नव्हता. बैठकीला आम्ही दोघंच. "नियम त्याचाच आहे," रसायनशास्त्राचे सर म्हणाले आणि खिडकीकडे बघत बसले. मुलीचं नुकसान करणं त्याला मुळीच पटलं नसतं, हे मलाही माहीत होतं. बंद करण्याचा अधिकार माझ्या खात्याला होता. मी काम बंद केलं आणि घरी जाऊन पडून राहिले.

त्या आठवड्यात फोन आला. "ताई, चालू शे का?"

"नाही आबा. बंद करावं लागलं. मीच केलं."

मी उन्हाचं, नियमाचं, त्या मुलीचं सांगत सुटले. आबांनी मधे थांबवलं.

"दवाखानामा डाक्टरनी माले इचारं, आते श्वासनं मशीन काढू का. मीच हा म्हनं, ताई. म्हनीसन तुमले फोन करू. वाटे, आठे जळगावमा तरी त्यानं काही चालू शे."

मला रडू कोसळलं. आबा रडत नव्हते. "तुमनी काही चूक नही, ताई," ते मला समजावू लागले. दोनदा म्हणाले. फोन ठेवल्यावर कितीतरी वेळानं माझ्या लक्षात आलं, हेच त्यांना कोणीतरी म्हणावं म्हणून ते इतके दिवस फोन करत असतील. मी म्हटलं नव्हतं. मी लगेच फोन लावला. तो वाजत राहिला. त्यानंतर आबांचा फोन कधी आला नाही.