इंजिनियर बाईंनी सांगायला हवं होतं का

मी वाद हरत नाही. हे कौतुकानं सांगत नाहीये. घरच्यांना त्याचा कंटाळा आलाय आणि स्टाफरूममध्ये मी तोंड उघडलं की दोघीतिघी तपासायच्या वह्या पुढ्यात ओढतात. पण गेल्या वर्षी मी एक वाद जिंकले आणि त्यात माझ्या मैत्रिणीचे पाच महिने गेले. तिच्या छातीत गाठ होती. तिला ती हाताला लागली होती आणि घरी सांगावं की नाही, हे तिचं ठरत नव्हतं. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी अंतराळयानावरून भांडत होते.

आमची शाळा शेवगावात. मी विज्ञान शिकवते, ती ग्रंथालय सांभाळते. जवळच्याच एका गावाहून रोज स्कूटीवर येते. नवरा शेती करतो, एकुलती एक लेक, ती तेव्हा बारावीला. आमची मैत्री झाली ती एका मालिकेमुळे. बाकीच्या बाया सासवासुनांच्या मालिकांवर बोलत असताना एकदा ही हळूच म्हणाली, "मी ती यानाची बघते." मी उडालेच. पृथ्वीवरचं बियाणं घेऊन दूरच्या ग्रहाकडे निघालेलं यान, त्यातली माणसं, एक यंत्रमानव आणि हिंदीत डब केलेले संवाद. तालुक्यात ही मालिका बघणारी मी एकटीच, असं मी धरून चालले होते. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत ग्रंथालयाचं दार लोटून घ्यायचं, मोबाईल पाण्याच्या बाटलीला टेकवायचा आणि डबा खात अर्धा भाग बघायचा, हा आमचा नेम झाला.

पुढे आम्हाला मोबाईलवर मराठी चाहत्यांचा एक ग्रुप सापडला. तिथे शनिवारी 'जर-तर' चालायचं. कुणीतरी एक प्रश्न टाकायचा, कप्तान पहिल्याच भागात मेला असता तर काय झालं असतं, आणि बाकीच्यांनी त्याचा कीस काढायचा. बुधवारी 'न पटणारं मत'. जे कुणालाच पटणार नाही ते बेधडक लिहायचं आणि माफी मागायची नाही, एवढा एकच नियम. मी लिहिलं की कप्तानाला घरी बसवा आणि यंत्रमानवाला कप्तान करा, यानात अक्कल त्या एकालाच आहे. दोन दिवस शिव्या खाल्ल्या, मजा आली. तिचं मत असं की लढाईचे सगळे भाग फुकट आहेत. खरा भाग तो, ज्यात पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडतं आणि लोक रांगेत एकमेकांच्या उरावर बसतात. पुण्याच्या कुणीतरी लिहिलं, किती कंटाळवाणा भाग तो. तिनं उत्तर दिलं, "तुमच्या दारात टँकर येत नसेल." ती बोलायची कमी, पण बोलली की असं.

दिवाळीनंतर तो भाग आला. यानातल्या इंजिनियर बाईंना इंजिनाच्या गळतीतून आजार जडतो. वेळेत सांगितलं तर इलाज आहे, पण त्यासाठी यान माघारी वळवावं लागेल आणि पेरणीचा हंगाम हुकेल. बाई कुणाला काही सांगत नाहीत. बियाणं पोहोचतं, बाई जातात. चाहते भडकले. एवढी हुशार बाई मूर्खासारखी का वागली, लेखकांनी वाट लावली, असा एकच गिल्ला झाला. आणि सगळे एका बाजूला दिसले की माझे पाय आपोआप दुसरीकडे वळतात.

त्या शनिवारी जर-तरचा प्रश्न तिनं टाकला. "बाईंनी पहिल्याच दिवशी कप्तानाला सांगितलं असतं तर?"

मी तो प्रश्न फाडून खाल्ला. भलामोठा मजकूर लिहिला. सांगून काय झालं असतं? सगळे रडले असते, काम कुणाच्या हातून झालं नसतं. धीर म्हणजे गप्प राहणं. शेवटी लिहिलं, "एकीसाठी सगळ्यांना माघारी वळवायचं नसतं." त्या वाक्यावर मी स्वतःच खूश होते. ग्रुप चालवणाऱ्यानं मजकूर वरती लावून ठेवला. विरोधात असलेलेसुद्धा म्हणाले की मॅडम, पटत नाही पण तोड नाही. माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं.

सोमवारी डबा खाताना तिनं विचारलं, "पण वेळेत कळलं असतं तर त्या बऱ्या झाल्या असत्या ना?"

"झाल्या असत्या," मी म्हणाले, "पण मग गोष्ट काय उरली?"

आठवड्याभरानं पुस्तकांच्या कपाटाला कुलूप लावता लावता तिनं पुन्हा काढलं. "त्यांना भीती वाटली नसेल का गं? एकटीलाच माहीत असण्याची?"

मी म्हणाले, तो लेखकांचा दोष, त्यांनी भीती दाखवायला हवी होती, एक प्रसंग कमी पडला. कोणता प्रसंग हवा होता तेही मी तिला फाटकापर्यंत ऐकवलं. ती "हं" म्हणाली, स्कूटी काढली आणि गेली. तिचा चेहरा कसा होता ते मला आठवत नाही. खूप आठवून पाहिलं. मी सुचवलेला तो प्रसंग मात्र शब्दन् शब्द आठवतो, याचा मला राग येतो.

उन्हाळ्यात लेकीची डॉक्टरीची प्रवेश परीक्षा झाली. दुसऱ्या दिवशी तिनं घरी गाठीचं सांगितलं.

त्याच आठवड्यात तिचा नवरा रजेचा अर्ज द्यायला शाळेत आला. मला व्हरांड्यात गाठून म्हणाला, "मॅडम, तुमाला म्हाईत हुतं का?"

"नाही हो."

"तुमी तर दिसभर संगं आसता." त्यात बोल लावणं नव्हतं, तो खरंच कोड्यात पडला होता. "डागदर म्हनले, लई उशीर केला. मी इचारलं, का गं लपवलं? तर म्हनली, एकीसाठी सगळ्यास्नी माघारी वळवायचं नसतं. आता ह्याला काय म्हनावं?"

माझेच शब्द त्याच्या तोंडून येऊन माझ्यासमोर उभे होते. निकालपत्रकं भरायची आहेत असं सांगून मी निघाले आणि एका रिकाम्या वर्गात जाऊन बसले.

तिचं ऑपरेशन झालं, मग नगरच्या दवाखान्याच्या खेपा सुरू झाल्या. स्टाफबरोबर मी दोनदा जाऊन आले. फळं दिली, तब्येतीची काळजी घे म्हणाले, सगळ्यांच्या मागे उभी राहिले. एकटीनं जायची हिंमत व्हायला पावसाळा अर्धा सरला.

शेवटी एका रविवारी दुपारी गेले. नवरा अंगणात फवारणीचा पंप धूत होता. ती आत खाटेवर होती, डोक्याला रुमाल. मी बसले आणि घोकून आणलेलं बोलून टाकलं. "मी ते लिहिलं नसतं तर तू सांगितलं असतंस."

"झालं तुझं जर-तर सुरू," ती म्हणाली. "तू लिहायच्या आधीच मी गप्प होते. तुझ्यामुळे नाही काही. पण तीनदा विचारलं मी तुला. मला उत्तर नको होतं गं. मला वाटलं, एकदा तरी म्हणशील, का विचारतेस."

मला कसं कळणार होतं, हे माझ्या जिभेवर आलं होतं. तिनं सांगितलंच नाही तर मला काय स्वप्न पडणार होतं? मुद्दा बिनतोड होता. मी तो गिळला. आयुष्यात पहिल्यांदा गिळला असेन. मला तिचा रागही आला. अशी कुणी परीक्षा घेतं का? आणि रडूही आलं.

थोड्या वेळानं विचारलं, "आता कसं आहे?"

"बरं आहे."

मी उठायच्या बेतात होते. मग पाहिलं, ती एका अंगावर कलून बसली होती आणि उशी पाठीला लागू देत नव्हती. "अशी का बसलीस?"

तिनं आधी दाराकडे पाहिलं. "पाठीत लई दुखतंय. पंधरा दिवस झाले. आतून, हाडात." मग माझा हात धरला. "ह्यांना बोलू नकोस. लेकीचं कॉलेज आत्ताच सुरू झालंय, ती सगळं टाकून पळत येईल. पुढच्या महिन्यात नगरला जायचंच आहे, तेव्हा सांगीन डॉक्टरांना."

तिला पटवायला माझ्याकडे चार मुद्दे तयार होते. मी जिंकलेही असते. ती "बरं, सांगते" म्हणाली असती आणि मी गेल्यावर गप्प बसली असती. मी हात सोडवून घेतला आणि बाहेर आले.

नवरा पंप पालथा घालत होता. "काय म्हनली मॅडम? बरी हाय ना?"

दार उघडंच होतं. मी जे बोलेन ते आत जाणार होतं, आणि ती पुन्हा माझ्याशी बोलेल की नाही ते मला माहीत नव्हतं.

"बरी नाही," मी म्हणाले. "पाठीत हाडात दुखतंय तिच्या, पंधरा दिवसांपासून. तुम्हाला सांगू नको म्हणाली. उद्याच नगरला न्या."

तो ओल्या हातानंच खिशातला मोबाईल काढायला लागला.

आतून तिनं विचारलं, "सांगितलंस ना?"

"सांगितलं," मी म्हणाले.