ठिबकवाले ससे

हैदराबादच्या प्रयोगशाळेत माझं काम सशांचं. यकृतात गाठ वाढवलेल्या सशांचे दोन गट करायचे. एकाला कॅन्सरचं औषध कानाच्या शिरेतून द्यायचं, दुसऱ्याला बारीक नळीनं थेट यकृताच्या धमनीत. मग कुणाच्या गाठीत जास्त पोचलं ते ताडून पाहायचं. सशांना नावं द्यायची नाहीत, कानावर आकडा लिहायचा, हा आमचा शिरस्ता. तो मी काटेकोर पाळते याचा मला उगाच अभिमान होता.

उमरग्याजवळ शेतात माझे वडील, आबा, एकटेच राहायचे. आई गेल्यावर आमचं बोलणं म्हणजे रविवारचा फोन. बोलायला काही उरलं नाही की मी सशांचं सांगायचे. आबांना ते चटकन कळलं. "म्हंजी पाटानं पाणी सोडलं की तण बी पितंय, ठिबकनं मुळालाच जातंय. व्हय ना?" मी लई खूश झाले. इतकं सोपं करून मलाही कधी सांगता आलं नव्हतं.

पुढच्या वर्षी त्यांच्याच यकृतात गाठ निघाली. सोलापूरच्या डॉक्टरांना त्यांनी आधीच सांगून टाकलं, "मला ठिबकनं द्या. माझी पोरगी तेच करती."

डॉक्टरांनी माझ्याकडं पाहिलं. यकृतात जाणारी मोठी शीर गुठळीनं बंद झाली होती, धमनीतून औषध देणं धोक्याचं होतं. हाताच्या शिरेतून देऊन बघू, पण फार आशा धरू नका, म्हणाले. आशा तर मीच लावली होती, फोनवर, वेळ घालवायला. मला स्वतःचा भयंकर राग आला.

परतताना नळदुर्गाजवळ ढाब्यावर थांबलो. आबांनी बशीत चहा ओतला, पण प्याले नाहीत.

"ठिबकवाले ससे जगले का गं?"

"गाठ लहान झाली त्यांची."

"गाठीचं न्हाय, सशाचं इचारतुय."

इतक्या वर्षांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. खोटं बोलावंसं वाटलं, जमलं नाही.

"न्हाय, आबा. गाठ मोजायला यकृत काढावं लागतंय. ठरल्या दिवशी इंजेक्शन देऊन झोपवतो. दोन्ही गटांना."

"तू देतीस?"

"व्हय."

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "एकटीच?"

मी सगळ्यांदेखत रडले. त्यांनी बशी माझ्यापुढं सरकवली. "चल, घरला चल."

हाताच्या शिरेतून द्यायचं औषध त्यांनी घेतलंच नाही. दिवाळीच्या आधी ते गेले.

परवा नवे ससे आले. सगळ्यांच्या कानावर आकडे लिहिले, हात धुतले आणि सवयीनं फोन काढला. रविवार होता.