ठासणीच्या बंदुकीचे रविवार

बंदूकवाल्यांकडे मारलेल्या डुकरांच्या गोष्टी फार नसतात. चुकलेल्या बारांच्याच जास्त. आणि चुकलेला बार दर वर्षी थोडा मोठा होत जातो! आमच्याकडे तीन बंदुका आणि चार माणसं मिळून इतकं साठलंय, की कुठे हळदीला नाहीतर मयताला भेट झाली तर दुसरा चहा यायच्या आत कुणीतरी म्हणतोच, "त्या चिंधीचं सांग रे, दिन्या!" सांगताना हसू येतं. घरी परतताना येत नाही.

आधी माणसं सांगतो. आमचं गाव भिवंडीजवळ, हायवेवरच्या वडप्याच्या आतल्या अंगाला. बाळारामकाका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. पावसात भात, मागून वाल, काकडी करायचे. सदा माझा वर्गमित्र, गावातला मोठा जमीनवाला. लहानू खालच्या कातकरी वाडीतला. काकांच्या शेतावर मजुरीला यायचा. आणि मी दिन्या, भिवंडीत पॉवरलूमच्या कारखान्यात ड्युटी करणारा. काका, सदा आणि मी, तिघांच्या घरी बापजाद्यांच्या ठासणीच्या बंदुका. नळीच्या तोंडातून दारू घालायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची, आणि मग एकच बार. चुकला तर पुन्हा सगळं पहिल्यापासून. काकांच्या बंदुकीला तर नळीत आतून आटे होते. गोळी घट्ट बसली आणि नीट ओतलेली असली तर सुतात जायची. नसली तर कुठेही.

*

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं असतील. भात पोटरीला आलं आणि डुकरं उतरली. काकांनी दिवस मावळताना एका मादीवर बार टाकला. लागला, पण मादी पळाली. सकाळी काका आणि लहानू रक्ताच्या मागावर निघाले. दुपारी सापडली, ओढ्याच्या कडेला. जिवंत. जबडा फुटलेला, आणि भोवती पिल्लं. काकांनी जवळून दुसरा बार टाकला आणि तिथेच खाली बसले.

घरी येऊन त्यांनी उरलेल्या गोळ्यांतली एक कोयत्याने कापली. आत पोकळ! ओतताना हवा राहिलेली. "माजा हात वाकडा न्हाय गेला. गोळी वाकडी गेली," काका म्हणाले. "आता तपासल्याबिगर जनावरावर बार न्हाय." तेव्हापासून दर रविवारी सकाळी सदाच्या बंद पडलेल्या दगडाच्या खदानीत आमची टेस्टिंग सुरू झाली. एका टोकाला आंब्याची फळी, दुसऱ्या टोकाला आम्ही.

मादी मारली त्या दिवशी जेवायला बसताना काकांनी लहानूला विचारलं होतं, "पिल्लांचं काय झालं असंल रं?"

लहानू म्हणाला, "आईला मारल्यावर पिल्लांचं कोन इचारतं, काका?"

काका ताटावरून उठले.

*

गोळ्या काकांच्या परसात, चुलीवर ओतायच्या. शिसं वितळवायला जुनी कढई होती, साचा आजोबांचा होता, पण ओतायला पळी नव्हती. काकांनी स्वयंपाकघरातली घेतली. यमुनाकाकूला सांगितलं नाही.

पुढे काय झालं असेल? काकूने तीच पळी घासूनपुसून आमटीत घातली. सदा पंगतीला होता, त्याने ओळखलं. "काकू, या पळीनं काका गोळ्या ओततात!"

काकूने आमटीचं पातेलं उचललं आणि सरळ उकिरड्यावर ओतलं. मग पळी काकांच्या पुढ्यात आपटली. "मी काय डुक्कर हाय, मारायला?"

काका खाली मान घालून म्हणाले, "तुज्यावर तपासलेली न्हाय अजून."

आम्ही फुटलो! काकू नाही हसली. काकांना दोन दिवस पेज मिळाली, तीही मिठाशिवाय.

*

शिसं मऊ लागतं. बॅटरीतल्या शिशाच्या गोळ्या कडक व्हायच्या, आट्यात नीट बसायच्या नाहीत. काका म्हणाले, "जाळ्याचं शिसं बरं." काकूचा भाऊ खारबावला राहायचा, खाडीत जाळं टाकणारा. मी काकांना बाइकवर घेऊन गेलो.

मेव्हण्याने जाळं ओटीवर पसरलं, चाकू घेतला आणि खालच्या दोरीचे शिशाचे मणी एकेक करून कापायला लागला. काका म्हणाले, "अरं, चार-पाच दे. जाळं तरी ऱ्हाऊ दे."

"जाळं ठेवून काय करू, दाजी? खाडीत टाकलं का कापडाचा रंग लागून येतो. कवा लाल, कवा निळा. मागल्या टायमाला एक मासा आला, त्याला बी रंगच!"

तो हसला, म्हणून आम्ही हसलो. सगळे मणी कापून झाल्यावर त्याने ते काकूच्या नावाने एका डब्यात भरून दिले. दारात आमच्या मागे आला आणि म्हणाला, "मासा असता तर एक मनी दिला नसता, दाजी. सांगून ठेवतो."

*

आता ती चिंधी!

भिवंडीत राहून चिंधी कमी पडावी? मी कारखान्यातून पिशवी भरून आणली. पहिले बार झाले ठीक. मग एक गोळी नळीत अर्ध्यावर जाऊन बसली. खाली जाईना, वर येईना. काकांनी आधी नळीत पाणी ओतून दारू भिजवली आणि मग अख्खा रविवार ती गोळी काढण्यात गेला. नळी साफ केली तर आत डिंकासारखा काळा थर. चिंधी वितळून चिकटली होती. पॉलिस्टर!

"दिन्या, सुती आन."

मी आमच्या कारखान्यात विचारलं. शेजारच्यात विचारलं. पूर्ण गल्ली फिरलो. आमचे शेठ म्हणाले, "कॉटन? अब कॉटन में क्या रखा है?" दोन्ही शिफ्टला लूम खडखडतायत, कापडाचे ताके टेम्पोत चढतायत, आणि अख्ख्या गल्लीत हातभर सूत नाही! आमच्या गावचे निम्मे लोक त्या लूमवर जगत होते आणि एकाच्याही अंगावर तिथलं कापड नव्हतं. ते सुरतेला नाहीतर आणखी कुठे जायचं.

काकांना सांगितलं. ते आत गेले, ट्रंक उघडली आणि एक जुनं हिरवं लुगडं आणून टराटरा फाडायला लागले. काकू धावत आली. "अवो, सासूबाईंचं हाय त्ये!"

काका फाडत राहिले. "हाय तर हाय. शेताची काळजी तिलाच जास्त हुती."

*

एकदा हायवेवरून बार ऐकून कुणीतरी पोलिसांना फोन केला. जीप खदानीत उतरली. आम्ही तिघांनी प्लास्टिकच्या पिशवीतली लायसनं काढून दाखवली. साहेबांनी वाचली, परत दिली. मग लहानूकडे वळले. लहानूचं काम असं, की बाराच्या वेळी खडकामागे बसायचं आणि बार झाला की फळीजवळ जाऊन गोळी कुठे लागली ते ओरडून सांगायचं.

"तुझं लायसन?"

"माज्याकडं बंदूकच न्हाय, साहेब."

"मग इथं काय करतोस?"

"भोकं बघतो."

"बसव रे याला गाडीत!"

तिघे बंदूकवाले उभे, आणि रिकाम्या हाताचा जीपमध्ये! सदाने ओळखी काढल्या, मी हात जोडले, काही उपयोग नाही. काका ठाण्यावर गेले आणि बाकावर बसून राहिले. कुणी विचारलं की एवढंच म्हणायचे, "माजा मानूस आत हाय." संध्याकाळी कंटाळून सोडला.

लहानूच्या गालावर बोटं उठली होती. बाइकवर माझ्या मागे बसताना तो काकांना म्हणाला, "पुढच्या टायमाला मला बी एक बंदूक धरायला द्या, काका. म्हंजी सोडतील."

*

इलेक्शन आलं की बंदुका ठाण्यात जमा करायच्या. निकाल लागले की परत आणायच्या. एका वर्षी काकांची बंदूक मिळाली, पण नळीखालचा गज गायब. गज नाही तर गोळी ठासणार कशी? काका हवालदाराला विचारतायत, हवालदार खोलीभर शोधतोय.

सदाची नजर खिडकीकडे गेली. काकांचा गज दोन खिळ्यांवर आडवा, आणि त्याला पडदा लटकवलेला!

"साहेब, तो आमचा गज."

हवालदाराने पडद्याकडे बघितलं, काकांकडे बघितलं. "अहो काका, मग आता ऊन कसं अडवू?"

काकांनी घरी जाऊन सुतळी आणली, तिथे पडदा बांधून दिला, आणि मगच त्यांना त्यांचा गज मिळाला.

*

सदाचं सांगायला नको वाटतं, पण सांगतो.

हायवेच्या कडेने गोडाऊनं यायला लागली तेव्हा जमीन विकणाऱ्यांत सदा पहिला. मोठी पांढरी गाडी आली, पांढरे बूट आले. रविवारी खदानीत गाडीत एसी लावून बसायचा, पाळी आली की उतरून बार टाकायचा, बूट पुसून परत आत. आम्ही चिडवायचो. पण आला नाही असा त्याचा रविवार नव्हता.

एका रविवारी गेलो तर खदानीला पत्र्याचं कुंपण. गेटवर वॉचमन. "प्राइवेट प्रॉपर्टी है."

काका म्हणाले, "सदाची जागा हाय बाबा. आमचाच मानूस."

"कौन सदा?"

इतक्यात सदाची गाडी आली. तो उतरला, आणि त्याच्या तोंडाकडे बघूनच आम्हाला कळलं. खदान त्याने केव्हाच विकली होती. पावसाळ्याच्याही आधी.

काका म्हणाले, "आन आजवर आमच्यासंगं हितं बार मारीत हुतास?"

"सांगितलं असतं तर तुमी यायचं बंद केलं असतं." सदा बुटाच्या टोकाने खडी सारत होता. "मला घरी करमत न्हाय, काका."

वॉचमनने गेट लावून घेतलं. फळी आतच राहिली. त्यानंतर आम्ही चौघे एकत्र बार टाकायला कुठेच गेलो नाही. सदाने एकदोनदा फोन केले. काकांनी मला सांगितलं, "न्हाय म्हन." मी कामाचं निमित्त सांगितलं.

*

शेवटचं मी स्वतः बघितलेलं आहे, म्हणून खात्रीने सांगतो.

काकांची जमीन भावकीत होती. तिघे भाऊ विकायला उभे राहिले, काका एकटे पडले. मधला तुकडा ठेवून चारी बाजूंनी गोडाऊन होणार म्हटल्यावर त्यातून पाणी कुठून येणार आणि बैल कुठून जाणार? काकांनीही सही केली. वर्षाच्या आत त्या जागेवर पत्र्याचं आडवंतिडवं गोडाऊन उभं राहिलं. लहानूला तिथेच हमाली मिळाली. काका घराच्या ओटीवर बसून असायचे. बंदूक मात्र दर महिन्याला पुसायचे.

एके दिवशी मी सुट्टीवर होतो. भर दुपारी गोडाऊनचा एक पोरगा धापा टाकत काकांच्या दारात आला. "अंकल, गोडाऊन में सूअर घुस गया! मॅनेजर साब बुला रहे हैं, बंदूक लेके!"

काका उठले. बंदूक उतरवली, डब्यातल्या गोळ्यांतली एक निवडली, बोटावर फिरवून बघितली, ठासली. मी बाइक काढली.

आत गेलो तर सगळे हमाल खोक्यांच्या थप्पीवर चढून बसलेले. मधल्या गल्लीत भलामोठा नर. सुळे बाहेर, अंगावर चिखल, आजूबाजूला फाटलेली खोकी आणि विखुरलेला थर्माकोल. बाहेर माणसं आणि ट्रक बघून बिचकला होता, हलत नव्हता. मॅनेजर ऑफिसच्या काचेमागे.

थप्पीवरून लहानू ओरडला, "काका, तुमच्या वालाच्या वाफ्यातच उभा हाय बगा!"

काकांनी मान वर केली. छत बघितलं, दिवे बघितले. मग पायाखालच्या सिमेंटवर चप्पल घासून बघितली. कुठे काय होतं ते मनात लावत असावेत. मग बंदूक खांद्याला लावली आणि अंगठ्याने घोडा मागे ओढून चढवला. त्या पत्र्याखाली तो नुसता खट्ट आवाज केवढा घुमला! जनावर समोर, अंतर खदानीतल्या फळीपेक्षा कमी, गोळी त्यांच्या हातची. चुकणं शक्यच नव्हतं.

डुक्कर नंतर लहानूने मागचं शटर उघडल्यावर त्यातून निघून गेलं, ते सोडा. मी सांगतोय ते त्याच्या आधीचं.

मॅनेजर काचेमागून ओरडला, "मारो अंकल, मारो! लाखों का माल है! लायसन है ना आपके पास?"

काकांनी अंगठ्याने घोडा हळूच खाली बसवला. बंदूक काखेत घेतली, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, आणि काचेजवळ जाऊन लायसनवरच्या ओळीवर बोट ठेवलं.

"हितं लिवलंय बगा, साहेब. पीक संरक्षन." मग त्यांनी थप्प्यांवरून एकदा नजर फिरवली. "ह्यातलं काय उगवलंय त्ये दाखवा. मंग मारतो."