मेजावरचं लिंबू

भंगाळे नाना गेल्याचं कळलं तेव्हा मी धुळ्याला, माझ्या शाळेत, चित्रकलेचे पेपर तपासत बसले होते. कॉलेजातल्या मैत्रिणीचा निरोप होता, ‘नाना गेले. सकाळी, यावलला.’ मी उरलेले पेपर तपासून संपवले. नानांना हेच आवडलं असतं, अशी स्वतःची समजूत घातली. खरं म्हणजे उठून कुठं जावं, हेच सुचत नव्हतं…

जळगावच्या कॉलेजात नाना आम्हाला पाश्चात्त्य आधुनिक कलेचा इतिहास शिकवायचे. यावलहून एसटीनं यायचे, खांद्याला पिशवी, पिशवीत झेरॉक्सचे कागद. त्यांनी यातलं एकही चित्र प्रत्यक्ष पाहिलेलं नव्हतं, आणि हे ते पहिल्याच तासाला सांगून टाकायचे. स्टाफरूममध्ये त्यावरून त्यांची टिंगल चाले. ‘न पाहिलेल्या गावची वाट सांगतात,’ असं एक सर म्हणायचे. नाना हसण्यावारी न्यायचे, पण त्यांना ते लागायचं. चित्र न पाहता चित्र शिकवता येतं का, हा प्रश्न त्यांना जन्मभर पुरला.

त्यावर त्यांनी आपल्यापुरता तोडगा काढला होता. पुस्तकात सगळीच चित्रं काडेपेटीएवढी, मग मूळ चित्र भिंतभर असो की वहीएवढं. म्हणून नाना आधी चित्राखाली छापलेलं माप घ्यायला लावायचे. अवाढव्य अमूर्त चित्रांसाठी मागच्या मैदानात सुतळी धरून चुन्याची फक्की टाकायची. कबड्डीची पोरं वैतागायची. बाकीची चित्रं हॉलच्या भिंतीवर गेरूनं काढायची, म्हणजे नुसत्या चौकटी. मग त्या रिकाम्या चौकटीसमोर गुपचूप उभं राहायचं. मागून नानांचा आवाज यायचा, “मांगं सरक. अजून मांगं. डोये उघडे ठेव पोरी, कागद नको पाहू.” आधी आम्हाला हसू यायचं, पुढं येईनासं झालं. क्यूबिझमची व्याख्या मी केव्हाच विसरले, पण कुठल्या चित्रापुढं आपण केवढे दिसतो, ते अजून पाठ आहे.

त्यात एक चित्र होतं, मेजावरच्या एकाच लिंबाचं. भिंतीवरची त्याची चौकट आमच्या डोक्याच्याही वर जायची. त्या हिशेबानं लिंबू कलिंगडाहून मोठं होत होतं. ‘साध्या फळाचं हे अक्राळविक्राळ रूप पाहणाऱ्याला अस्वस्थ करतं,’ असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या परीक्षेत लिहिलं आणि मार्क मिळवले. नानांचं ते लाडकं चित्र. त्यासमोर उभं करताना ते सर्वांत मागं न्यायचे, पार दारापर्यंत.

दोन वर्षांपूर्वी भाचीकडे युरोपात जायचं ठरलं, तेव्हा निवृत्त होऊन यावलला असलेल्या नानांचं एकच मागणं होतं. “आपल्या लिंबासमोर उभी राह्य. सांगितलं तेवढ्या मांगं.” मी म्युझियममध्ये तशी मागे उभी राहिले आणि मला चित्र सापडेना. ते शाळेच्या पाटीएवढं होतं. झेरॉक्सवर आकडा स्पष्ट उमटला होता, पुढचं इंच की फूट ते पुसट. नानांनी फूट धरले होते.

परत आल्यावर यावलला गेले. सांगावं की नाही, हे एसटीत ठरवता आलं नाही. पण त्यांनी चहाही घेऊ न देता विचारलं, तेव्हा खोटं बोलणं जमलं नाही.

“नाना, ते लहान आहे.”

“केवढं?”

मी दोन तळहात समोर धरून दाखवलं. अक्का, म्हणजे त्यांच्या पत्नी, दारातून म्हणाल्या, “आता काय करता? पोरं तं सगये पास झाले!” नाना हसले नाहीत. “हात हलवू नको,” म्हणाले. आधी मागे सरकले, मग हळूहळू इतके पुढं आले की त्यांचा श्वास माझ्या बोटांना लागला. माझ्या हातांमधल्या रिकाम्या जागेत ते बराच वेळ पाहत राहिले. “म्हंजे याच्या जवय जावं लागते…” एवढंच बोलले. मला फार वाईट वाटलं. वाटलं, उगाच सांगितलं.

त्यांच्या दहाव्याहून परतताना मी जळगावला उतरून कॉलेजात गेले. शिपायानं हॉल उघडून दिला. तो म्हणाला, नाना गेल्या वर्षी गेरूचा डबा घेऊन एकटेच आले होते. मोठी चौकट फिकट झाली होती, आणि तिच्या पोटात एक छोटी, ताजी चौकट होती. शेजारची भिंत हातांच्या डागांनी मळलेली. आताची पोरं भिंतीला हात टेकून, नाक लावून ती पाहत असणार.

मी दोन्ही बाजूंना तळहात धरले. चौकट बरोबर बसली. घरी येऊन म्युझियमच्या संकेतस्थळावर खरं माप पाहिलं. चित्र याहून चांगलं दोन बोटं लहान आहे. नानांनाही ते तसंच पाहता आलं असतं, नातू दिवसभर मोबाइल घेऊन शेजारीच बसलेला असायचा. त्यांनी पाहिलं नाही. चित्रासमोर उभं राहून आलेल्या माणसाच्या हातांचं माप त्यांनी भिंतीवर काढलं होतं.

दुरुस्त करायला मी अजून गेलेले नाही.