रिकाम्या माडीच्या पाट्यांची चोरी

पत्र्याची ती पाटी अजून माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, त्यातले बरेचसे आता पुसट झाले आहेत. पण पिवळ्या रंगावर काळ्या अक्षरांत ‘माडी भाड्याने देणे आहे’ असे लिहिलेली ती हातभर पाटी जशीच्या तशी आठवते. तिच्यापायी माझी अब्रू जायची वेळ आली होती, म्हणूनही असेल.

सत्तरच्या दशकाची ती पहिली काही वर्षे. माझी साताऱ्याहून सांगलीला फौजदार म्हणून बदली झाली. सांगलीत क्वार्टर रिकामे नव्हते, त्यामुळे बायको आणि दोन मुली साताऱ्यातच राहिल्या. मी ठाण्यामागच्या एका खोलीत लोखंडी खाटेवर झोपायचो आणि खाणावळीत जेवायचो. जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी घर मिळाले नाही, तर आणखी एक अख्खे वर्ष असेच काढावे लागणार होते. धाकटी तेव्हा चार वर्षांची होती. मी रजेवर गेलो की पहिला अर्धा दिवस ती माझ्याजवळ यायची नाही, आणि जरा रुळली की माझी परतीची एसटी निघायची वेळ व्हायची. ते मला फार लागायचे.

पण गावभागात, म्हणजे जुन्या सांगलीत, घर मिळवणे म्हणजे सोपे काम नव्हते. शाळा, बाजार, नदीचा घाट, सगळे पायी अंतरावर. त्यात बँकांच्या नव्या शाखा निघालेल्या, कुपवाडकडे कारखाने सुरू होऊ लागलेले, जो तो जागा शोधत फिरत होता. पोलिसाला तर कुणी दारात उभे करत नसे. भाडेकरूला काढायचे म्हणजे कोर्टाची पायरी चढावी लागते, आणि पोलीस व वकील या दोघांना त्या पायरीची भीती नसते, एवढे घरमालकांना पक्के ठाऊक होते. मी साध्या कपड्यांत गेलो की आधी चहा मिळायचा. मग नोकरी विचारली जायची, आणि घरमालकाचा भाचा नेमका त्याच आठवड्यात राहायला येणार असल्याचे निघायचे. सांगलीत एवढे भाचे असतील असे मला वाटले नव्हते.

एप्रिलच्या एका सकाळी हळदीचे एक अडते तणतणत ठाण्यात आले.

“माझी पाटी चोरीला गेली,” ते म्हणाले.

“दुकानाची?” मी विचारले.

“घराची. आन् ही तिसरी येळ!”

त्यांच्या घराची माडी रिकामी होती. पहिल्यांदा त्यांनी दाराशी पुठ्ठा लावला, तो गेला. मग शाळेची दगडी पाटी खडूने लिहून टांगली, तीही गेली. शेवटी लाकडी फळी खिळे ठोकून बसवली, तर खिळे राहिले आणि फळी गेली. तिन्ही वेळा दुपारी एक ते तीनच्या दरम्यान, सगळी गल्ली जेवून आडवी झालेली असताना.

“आवं, सांगलीत लोक जागेसाठी मरत्यात म्हणं,” अडते म्हणाले, “आन् माझ्या दारात माणूस येईना. येणार कुठनं? पाटीच न्हाई! हे समोरच्या मास्तराचं काम हाय. मोरीच्या पाण्यावरनं त्याचं आन् माझं नऊ वर्सं बोलणं न्हाई. त्याला आत टाका.”

दलाल का गाठत नाही म्हणून विचारले, तर दलाल त्यांना नको होता. ओळखीतलाही भाडेकरू नको होता, कारण त्याला पुढे काही बोलता येत नाही. राहता राहिली पाटी.

ठाणे अंमलदार तोंडावर फाईल धरून हसत होता. पण तक्रार ती तक्रार. स्टेशन डायरीत नोंद घेतली, आमच्या जुन्या हवालदारांना बरोबर घेतले आणि जागेवर गेलो. पंचनाम्यात लिहिण्यासारखे दोनच खिळे होते, त्यातला एक वाकडा. पंच म्हणून रस्त्यावरच्या दोघांना बोलावले, तर सही करण्याआधी दोघांनीही अडत्यांना बाजूला घेऊन माडीबद्दल विचारले.

अडते मला माडी दाखवायला घेऊन गेले आणि तिथेच माझे चुकले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, त्याला पूर्वेची खिडकी, स्वतंत्र नळ. मागच्या खिडकीतून मुलींच्या शाळेचे पटांगण दिसत होते. मी तपासाला आलो आहे हे क्षणभर विसरलो. ही खोली मुलींची, इथे माझे टेबल, असे मनात मांडूनही झाले.

“कुणाला देणार?” मी अगदी सहज विचारल्यासारखे विचारले.

“कुणालाबी दीन. फकस्त पोलीस आन् वकील सोडून. तुमी मनावर घेऊ नका.”

मी मनावर घेतले नाही असे दाखवले आणि जिना उतरलो.

समोरचे मास्तर निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांनी मला खुर्ची दिली आणि माझा पहिला प्रश्न पूर्ण व्हायच्या आत म्हणाले, “मी कशाला पाट्या चोरू? माडीवर चांगली माणसं आली तर मला हवीच आहेत. निदान त्यांच्याशी तरी बोलता येईल.” मग म्हणाले, “एक सांगतो. ती दगडी पाटी गेली ना, त्याच संध्याकाळी बँकेतला एक तरुण कारकून मला विचारत होता, माडीवर पाणी चढतं का म्हणून. मी म्हटलं, माडी रिकामी आहे हे तुम्हाला कुणी सांगितलं? तर उत्तर न देताच निघून गेला.”

पाटी दुपारी गेली होती. मग ती नसताना संध्याकाळी या माणसाला कळले कसे? मला वाटले, सुटले कोडे. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी त्या कारकुनाला ठाण्यात बोलावले.

तो आला तोच घामाने भिजलेला. मी त्याला बसायला सांगितले नाही. आमची तेव्हाची पद्धतच होती, उभा माणूस लवकर बोलतो म्हणून.

“पाटी कुठे आहे?”

“गादीखाली, साहेब.”

“कशासाठी नेलीत?”

“साहेब, लग्नाला वर्ष झालं. चुलत्यांच्या एका खोलीत आम्ही सातजण राहतो. पाटी वाचली आणि मागून आणखी दोघं गल्लीत शिरताना दिसले. काढली नसती तर माडी त्यांनाही कळली असती. संध्याकाळी बायकोला घेऊन मालकांशी बोलणारच होतो. पण येऊन बघतो तर मालक रस्त्यात उभे राहून चोराला शिव्या घालत होते. मग कुठल्या तोंडानं वर जाऊ?”

“चोरी ती चोरीच,” मी टेबलावर हात आपटून म्हणालो. “गरज आहे म्हणून माणसं चोरी करायला लागली तर आम्ही ठाणी कशाला उघडलीत?” असे वीस मिनिटे बोललो. त्याने ती दगडी पाटी आणून दिली. अर्धी अक्षरे गादीला पुसली गेली होती. बाकीच्या दोन पाट्यांबद्दल मात्र तो आईची शपथ घेऊन नाही म्हणाला, आणि मला ते खरे वाटले.

तेव्हा कुठे सगळा प्रकार ध्यानात आला. चोर एक नव्हताच. जो कुणी जागा शोधत त्या दारापर्यंत यायचा, तो दुसऱ्याला कळू नये म्हणून पाटी काढून न्यायचा. अडत्यांचा आरडाओरडा ऐकला की मग त्याची परत यायची छाती व्हायची नाही. जागा हवी असलेली तीन माणसे पाट्या घरात दडवून बसली होती, आणि अडते म्हणत होते दारात कुणी येत नाही.

मी त्याच दुपारी सापळा लावला. अडत्यांनी पत्र्याची नवी पिवळी पाटी रंगवून आणली होती, ती तारेने बांधली. हवालदार साध्या वेशात समोरच्या शिंप्याच्या ओट्यावर बसले. पाटीला हात लावणाऱ्याला जागीच धरायचे, असा हुकूम दिला.

पावणेतीनला हवालदार एकटेच परत आले. चेहरा उतरलेला.

“पाटी?”

“गेली, सायेब.”

“कुणी नेली?”

“एका इसमानं.”

“पुरुष की बाई?”

“इसम, सायेब.”

“हवालदार!”

“बाई हुती.”

“वर्णन सांगा.”

“चांगल्या घरची वाटत हुती.”

“मग धरली का नाही?”

“धीर झाला न्हाई, सायेब.”

ज्या माणसाने भर बाजारात दरोडेखोराची मानगूट धरली होती, तो मला हे सांगत होता. माझा पारा चढला. एका बाईला धरायचा धीर होत नसेल तर पट्टा काढून ठेवा, असे मी म्हणालो. हवालदारांनी छताकडे पाहिले, मग जमिनीकडे पाहिले.

“म्या त्यांच्या हातची भाकरी खाल्ली हाय, सायेब.”

“कुठे?”

“साताऱ्याला. तुमच्याच घरी. तुमी मार्चात कागद घिऊन धाडलं हुतं, तवा.”

मी उठून ठाण्यामागच्या खोलीत गेलो. माझ्या लोखंडी खाटेवर माझी बायको बसली होती. शेजारी पिशवी होती आणि पिशवीतून पिवळा पत्रा डोकावत होता.

“बरं झालं आलात,” ती म्हणाली. “अहो, जागा मिळाली! सहा महिने तुम्ही पत्रात ‘बघतोय, बघतोय’ लिहिताय. म्हटलं, आपणच जाऊन बघावं. मुलींना शेजारी ठेवलं आणि सकाळची एसटी धरली. गल्लीत शिरले तर ही पाटी.”

“तू चोरी केलीस.”

“चोरी कसली? जागा ठरली की परतच देणार होते. आणि काढली नसती, तर तुम्ही इथून सुटेपर्यंत जागा राहिली असती का?”

सकाळी त्या कारकुनाने हेच सांगितले होते. तेव्हा मी टेबलावर हात आपटला होता. आता माझ्याने हात उचलवेना. राग आला होता, लाजही वाटत होती, आणि खरे सांगायचे तर, ही आली म्हणून बरेही वाटत होते.

मी सरळ आमच्या इन्स्पेक्टर साहेबांकडे गेलो आणि सगळे सांगितले. ते पोट धरून हसले. मग गंभीर होऊन म्हणाले, “तपास तुमच्याकडून काढून घेतो. आत्ताच्या आत्ता पाटी मालकाला नेऊन द्या आणि खरं ते सांगा.” मी दारापर्यंत गेलो तोच मागून आवाज आला, “नळ स्वतंत्र आहे का हो?” साहेबांचा मुलगा त्या उन्हाळ्यात जागा शोधत होता, हे मला नंतर कळले.

मी आणि बायको अडत्यांकडे गेलो. पाटी हिच्या काखेत होती. मी काही बोलायच्या आधीच हिने ती ओट्यावर ठेवली आणि सांगून टाकले. अडते आधी पाटीकडे, मग माझ्याकडे बघत राहिले.

“म्हंजे चोर फौजदाराच्याच घरात!” ते ओरडले. “आन् मी बिचाऱ्या मास्तराला आत टाका म्हनत हुतो!”

समोरच्या खिडकीत मास्तर उभे होते. ‘बिचाऱ्या’ हा शब्द त्यांनी ऐकला असावा.

“काका, तुमचं बरोबर आहे,” ही म्हणाली. “जागा देऊ नका. पण एकदा वर जाऊन बघू द्या. सांगलीत घर असतं तरी का, एवढंच मला बघायचंय.” साताऱ्यात एकटीने दोन मुली सांभाळताना तिचे काय होत होते, हे पत्रांतून मला कधी कळलेच नव्हते.

अडत्यांची बायको इतका वेळ दाराआड उभी होती. तिने हिचा हात धरला आणि वर नेले. बराच वेळ वरून दोघींचे बोलणे ऐकू येत होते. खाली मी आणि अडते एकमेकांकडे न बघता उभे होतो. मग काकू एकट्याच खाली आल्या.

“जागा दिली म्या तिला.”

“अगं, पोलीस हाय त्यो! जन्मभर हलायचा न्हाई!”

“आवं, दोन-तीन वर्सांत सरकारच उचलून दुसऱ्या गावाला टाकतंय त्यास्नी. कुणी बँकवाला आला आसता तर त्याची नातवंडं हितंच खेळली आसती. आन् चार पाट्या गेल्या, आपल्या पायानं परत घिऊन कोण आलं? ही एकटी.”

यावर अडत्यांनी ओट्यावरची पाटी उचलली आणि आत नेऊन ठेवली. त्यांनी तक्रारही मागे घेतली. पुढच्या आठवड्यात एकदा पुठ्ठा आणि एकदा फळी, वर्तमानपत्रात गुंडाळून, त्यांच्या ओट्यावर कुणीतरी ठेवून गेले. कुणी ठेवले ते शोधायला मला कुणी सांगितले नाही, आणि मीही शोधले नाही.

घर मिळाले तरी मन स्वस्थ नव्हते. दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो. मला पाहून तो कारकून खुर्चीतून ताडकन उठला. मी त्याला खाली बसवले आणि मी त्याच्यासमोर उभा राहिलो. चौथी पाटी कुणी नेली आणि माडी कुणाला मिळाली, ते त्याला सांगितले. काल तुमच्यावर ओरडलो ते चुकले, असेही म्हणालो. एवढे बोलायला मला जड गेले.

त्याने खातेवही मिटली. मग हळूच म्हणाला, “साहेब, तुमची बदली कधी होईल?”

“दोन-तीन वर्षांत.”

“झाली की आधी मला सांगाल?”

मी शब्द दिला.

या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. ‘का केलंस?’ हा प्रश्न आम्ही पोलीस विचारतो खरे, पण उत्तर ऐकायच्या आधीच वही मिटलेली असते. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यासमोर अशी व्यक्ती होती, जिचे उत्तर मला न विचारताच माहीत होते, कारण ते माझेही होते. पुढे नोकरीभर मी समोरच्याला आधी बसायला सांगायचो आणि मग विचारायचो. त्यामुळे गुन्हेगार काही कमी सापडले नाहीत.

अडीच वर्षांनी बदलीचा हुकूम हातात पडला. मी टोपी घातली आणि घरी न जाता तडक बँकेत गेलो. बदलीची बातमी तिच्याआधी एका परक्या कारकुनाला कळली, याचा राग बायकोच्या मनातून अजून गेलेला नाही.